दोन नंबरी

परगावी कुणी माझं मूळ गाव विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो. "मूळ गाव?" "मूल." "तेच विचारतोय, मूळ गाव कोणतं?" "मूलच." इथवर आलं की समोरचा माणूस माझ्याकडे करुणेने बघतो आणि तिसऱ्या वेळी आवाज चढवून विचारतो, कारण मला कमी ऐकू येतं अशी त्याची एव्हाना खात्री झालेली असते. मग मी चंद्रपूर जिल्हा, धानाचा पट्टा, ताडोब्याचं जंगल असा सगळा भूगोल सांगतो. ताडोबा म्हटलं की तो खूश होतो. "वा! मग वाघ दिसत असतील तुम्हाला!" दिसतात. नको तितके दिसतात. दिवस बुडाल्यावर पोरांना शेताकडे पाठवू नका, असं सांगण्याइतके दिसतात. पोरगं घरात टीव्हीसमोर बसून खेळतंय, याचं आमच्याकडच्या आयांना जेवढं समाधान वाटतं तेवढं पुण्या-मुंबईच्या आयांना वाटत नसावं.

तर अशा या गावातल्या आमच्या शांत घरात २०२५ सालच्या जानेवारीत भांडण पेटलं. विषय धुऱ्याचा नव्हता, पाण्याचा नव्हता, निवडणुकीचा तर नव्हताच. विषय होता जपानातल्या क्योटो शहरातली एक कंपनी.

त्याचं असं झालं. १६ जानेवारीला निन्टेन्डो नावाच्या या कंपनीने सव्वादोन-अडीच मिनिटांची चित्रफीत काढून जगाला कळवलं, की आमचं नवं खेळयंत्र याच वर्षी येत आहे आणि त्याचं नाव 'स्विच २'. ज्यांच्या घरी शाळकरी मूल नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगतो, की आधीचं 'स्विच' मार्च २०१७ मध्ये आलं होतं. ते टीव्हीला लावूनही खेळता येतं आणि उचलून मांडीवर घेऊनही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुठी सुट्या होतात, म्हणजे दोघांना दोन. जगात अशी पंधरा कोटींवर यंत्रं खपली. "पंधरा कोटी लोकांच्या घरी आहे, फक्त आपल्याच घरी नाही," असा आमच्या चिरंजिवांचा युक्तिवाद होता. चिरंजीव नववीत आहेत. भूगोलात जगाची लोकसंख्या आठशे कोटी शिकले आहेत, पण ती त्यांना परीक्षेपुरतीच आठवते.

चिरंजिवांचं मत पडलं, की नवं यंत्र उत्तम आहे आणि ते घरात आलंच पाहिजे. लागलीच पुण्याहून पुतण्याचा फोन आला. हा माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात निन्टेन्डोचा इतिहासाचार्य असतो. त्याचं मत विरुद्ध.

"काकाजी, यात नवीन काय आहे? जुन्याच यंत्रापुढे दोनचा आकडा लावला. ही कंपनी असं कधी करत नव्हती. प्रत्येक वेळी काहीतरी भलतंच काढायची."

"मग भलतं न काढलेलं बरं नाही का?"

"तसं नाही हो काकाजी, ते भलतं हीच तर तिची मजा होती!"

मग त्याने मला ही सगळी भलती यंत्रं पाऊण तास ऐकवली. १९९५ साली त्यांनी म्हणे स्टँडवरच्या दुर्बिणीत डोळे खुपसून खेळायचं एक यंत्र काढलं. आत सगळं लाल आणि काळं. मोतीबिंदू तपासायला बसल्यासारखं. ते वर्षभरात गुंडाळलं. २००१ साली 'गेमक्यूब' काढलं, ते दिसायला जेवणाच्या डब्यासारखं होतं. डब्याला कडीसुद्धा होती. २००६ साली 'वी' आलं. त्यात हातातली कांडी टेनिसच्या बॅटसारखी फिरवायची. ते दहा कोटी खपलं. आणि २०१२ साली 'वी यू' आलं, ते साफ आपटलं. लोकांना ते नवं यंत्र आहे हेच कळेना. जुन्या 'वी'ला जोडायची कसलीतरी पाटी असेल, असं त्यांना वाटलं. दीड कोटीसुद्धा खपलं नाही.

"पण माझ्या मते तेच सगळ्यात गुणी यंत्र," पुतण्या गहिवरून म्हणाला.

"तुझ्याकडे होतं?"

"नाही. मी फक्त व्हिडिओ बघितले आहेत."

मी गप्प बसलो. स्वतः न बघितलेल्या गोष्टीबद्दल गहिवरण्याचा हक्क मराठी माणसाला जन्मतःच असतो. आम्ही नाही का पानिपतावर भांडत?

शाळेच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघायला नको होता, पण निघाला. आमचे गणिताचे सर सोनीपंथी निघाले. "सोनीने पहिल्यापासून आकडे घातले. प्लेस्टेशन एक, दोन, तीन, चार, पाच. गोंधळ नाही, काही नाही. पोरांनी अंकगणिताच्या मानाने वागावं. तुमच्या कंपनीला चाळीस वर्षांनी दोनचा आकडा सुचला!" निन्टेन्डो 'माझी कंपनी' कधी झाली ते मला कळलंच नाही, पण स्टाफरूममध्ये एकदा पक्ष मिळाला की निवृत्तीपर्यंत बदलत नाही.

इतिहासाच्या बाईंनी मात्र आणखी खोलातलं काढलं. या दोन कंपन्या मुळात एकत्र कुटुंबासारख्या नांदत होत्या. निन्टेन्डोच्या यंत्राला सोनी तबकडीची जोड करून देणार होती, बोलणी पक्की होती. १९९१ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीरही केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने त्याच प्रदर्शनात सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर जातोय. सोनीने तो अपमान गिळला नाही. वेगळी चूल मांडली आणि १९९४ च्या डिसेंबरात स्वतःचं प्लेस्टेशन काढलं.

"म्हणजे भाऊबंदकीच की!" गणिताचे सर म्हणाले. सगळे हसले. मी जरा कमी हसलो. त्याचं कारण पुढे येईल.

या कंपनीबद्दल माझं स्वतःचं मत बरं झालं ते एका साहेबामुळे. सातोरू इवाता म्हणून त्यांचे अध्यक्ष होते, २०१५ साली वारले. 'वी यू' आपटलं तेव्हा, म्हणजे २०१४ च्या जानेवारीत, या गृहस्थांनी पाच महिन्यांसाठी स्वतःचाच पगार निम्मा कापून घेतला. हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा चहाचे कप मध्येच थांबले. "कंपनी चालवत होता का सेवाग्राम?" असं कोणीतरी म्हणालं. सरकारी नियमात असा पगार कापून घ्यायचा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, यावर मग तास संपेपर्यंत चर्चा झाली. अर्ज कोणी केला नाही.

घरात आईचं मत अजून यायचं होतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि ऐकायला कमी येत असलं तरी आपल्या उपयोगाचं तिला बरोबर ऐकू येतं. ही कंपनी १८८९ साली सुरू झाली आणि पहिल्यांदा फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवायची, एवढं चिरंजिवांच्या तोंडून निघालं मात्र, आई तरातरा माजघरातून बाहेर आली.

"म्हंजे पत्त्याचीच कंपनी होय का बापा! मंग तं झालं! म्या तवाच तुह्या बापाले सांगतलं होतं, हा डबा घरात आनू नोका म्हून."

आईचं हे मत ताजं नव्हतं. ते एकतीस वर्षं मुरलेलं होतं. कारण या कंपनीशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. जरा दोन नंबरचा आहे, एवढंच.

१९९४ साली धान बरं पिकलं आणि बाबांनी नागपूरला सीताबर्डीवरून आमच्यासाठी व्हिडिओ गेम आणला. कोणत्या कंपनीचा म्हणाल तर कोणत्याच नाही. जपानात १९८३ साली निन्टेन्डोने 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं होतं, त्याची ती हुबेहूब नक्कल. म्हणजे माल दोन नंबरचा. कॅसेटवर ९९९९ खेळ असं छापलेलं. लावून बघितलं तर मारिओ, बदकं मारायचा खेळ, मोटारींचा खेळ, कॉन्ट्रा आणि मग पुन्हा मारिओ. मारिओ एकूण किती वेळा येतो हे मोजण्यात आमची पहिली सुट्टी गेली. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते जगभरच्या पोरांना एकाच वेळी सुचलं असं दिसतं.

त्या यंत्राला दोन रिमोट होते. आणि इथेच माझ्या आयुष्याची मेख आहे. एक नंबरच्या रिमोटला खेळ सुरू करायचं आणि थांबवायचं बटण होतं. दोन नंबरच्या रिमोटला ते नव्हतंच. पुढे पुतण्याने सांगितलं की मूळ जपानी यंत्रातही असंच होतं, फक्त तिथे दोन नंबरच्या रिमोटमध्ये त्या बटणांच्या जागी एक छोटा माईक बसवला होता. म्हणजे जपानी धाकट्या भावाला निदान ओरडायची तरी सोय होती. आमच्या नकलेत तीही काढून टाकलेली.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तेव्हा एक नंबर कोणाचा हे विचारायचं कारणच नव्हतं. खेळ कधी सुरू व्हायचा ते दादा ठरवणार, कधी थांबायचा ते दादा ठरवणार. मला तहान लागली तर खेळ थांबत नसे, दादाला शिंक आली तर थांबे. आणि लाईट गेली तर दोघांचाही थांबे. विजेच्या खात्याने त्या काळात आमच्यात जेवढी समता आणली तेवढी दुसऱ्या कोणी आणली नाही.

आमचा जीव कॉन्ट्रावर. दोन शिपाई बंदुका घेऊन जंगलात पळतात, एकेकाला तीन जीव. त्यातला तिसरा टप्पा धबधब्याचा. त्यात खडकांवरून उड्या मारत वर चढायचं असतं आणि पुढचा वर गेला की पडदा वर सरकतो. मागचा खाली राहिला तर पडद्याबाहेर जाऊन मरतो. दादा भराभर वर जायचा. मी खालून "थांब, थांब" म्हणत मरायचो. आणि एवढं करून दादाचे जीव माझ्याआधी संपायचे, कारण तो सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा. त्या खेळात एक सोय अशी, की एकाचे जीव संपले की तो बटण दाबून दुसऱ्याच्या शिलकीतला जीव घेऊ शकतो. दादा घ्यायचा. विचारायचा नाही, नुसतं बटण दाबायचा. मी जपून जपून ठेवलेले जीव दादाने जगून टाकले.

मग दादा बारावी होऊन नागपूरला गेला, बँकेत लागला, वर वर चढत गेला. मी इथेच शाळेत लागलो. यंत्र माळ्यावर गेलं. २०१६ साली बाबा गेले आणि वर्षभरात वाटणी झाली. दादाने त्याच्या हिश्श्याची दोन एकर धानाची बांधी मला न विचारता विकली. हिस्सा त्याचा होता, कायद्याने विचारायची गरज नव्हती. मी एवढंच म्हटलं, की तू नेहमी नुसतं बटण दाबतोस. त्याला ते कळलं की नाही ठाऊक नाही, पण लागलं. तेव्हापासून आमचं बोलणं दसरा-दिवाळीच्या फोनपुरतं उरलं. बायका एकमेकींशी बोलत, पोरं बोलत, आम्ही "सगळे बरे ना?" म्हणून फोन पुढच्याकडे देत असू.

हे मनात असताना २ एप्रिलला कंपनीने किंमत जाहीर केली. अमेरिकेत ४४९.९९ डॉलर. म्हणजे आपले साडेअडतीस हजार धरा. मोटारींचा नवा खेळ वेगळा, ऐंशी डॉलरला. जगभर गहजब झाला. पुतण्या म्हणाला, लूट आहे. गणिताचे सर म्हणाले, महागाईच्या मानाने ठीक आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "मिक्सरचं भांडं तीन वर्षांपासून गळतंय, त्याबद्दल जपानवाल्यांचं काय मत आहे?" मी आपला आमच्या भागातला हिशेब केला. धानाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला २३०० रुपये. यंत्र म्हणजे सतरा क्विंटल धान, एकरभराचं पीक. आणि एक खेळ म्हणजे तीन क्विंटल.

हा हिशेब मी कृषी केंद्राच्या दुकानात बसून मोठ्याने केला. दुकानदार हसला.

"काय गा मास्तर, दरसाली हेच तं अस्ते इथं. नवं बियानं आलं का अर्धे म्हन्ते लुटते, अर्धे म्हन्ते आमचं जुनंच बरं होतं. अन् जुनं जवा नवं होतं तवा त्यालेबी शिव्याच देल्ल्या याईनं."

मला एकदम दादाजी खोब्रागडे आठवले. आमच्याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे साधे शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपून निवडल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिले आणि त्यातून बारीक तांदळाचं वाण तयार झालं. नाव पडलं एचएमटी, त्या काळी मनगटावर मिरवणाऱ्या घड्याळाचं. दादाजी २०१८ साली गेले. आज एचएमटी ताटात नसलं तर पाहुणा नाराज होतो. जपानात लाल-पांढरा डबा निघाला तेही सालच १९८३, आणि आमच्या बाजूला लोंबी सापडली तेही. आता आमच्या पोटात दोन्ही आहेत, आणि दोन्हींबद्दल "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" असं म्हणायला आम्ही मोकळे.

तेव्हा मला वाटायला लागलं, की ही मतं यंत्राची नसतातच. आईचं मत पत्त्यांबद्दलचं होतं. गणिताच्या सरांचं आकड्यांबद्दलचं. पुतण्याला 'वी यू'चा पुळका होता, कारण हरलेल्याची बाजू घ्यायचं त्याचं वय आहे. आणि मी अध्यक्षाच्या पगाराचं कौतुक करत होतो, कारण चूक झाल्यावर आपणहून वाटा सोडणारा मोठा माणूस मी जवळून बघितला नव्हता. निदान तसं मी धरून चाललो होतो.

५ जूनला यंत्र बाजारात आलं. लूट म्हणणाऱ्यांनीच रांगा लावल्या असाव्यात, कारण पहिल्या चार दिवसांत पस्तीस लाखांवर खपली. त्यातलं एक, सगळ्यात मोठ्याने लूट म्हणणाऱ्या आमच्या पुतण्याने, परदेशातून येणाऱ्या मित्राकरवी मागवलं. "घेतल्याशिवाय नावं कशी ठेवणार, काकाजी?" हे मात्र खरं संशोधन.

दिवाळीत तो यंत्र घेऊन मूलला आला. गाडीतून आधी पुतण्या उतरला, मग यंत्राचा खोका, मग वहिनी. आणि मग मागच्या दारातून गुडघा सांभाळत दादा. कितीतरी वर्षांनी दिवाळीला आला होता. आम्ही एकमेकांना "सगळे बरे ना?" असं विचारलं आणि सवयीने फोन पुढे करायला हात उचलला. हातात फोन नव्हता. आईने दोघांनाही एकदम फराळाला बसवलं.

रात्री पोरांनी यंत्र टीव्हीला जोडलं. चिरंजीव नवा मोटारींचा खेळ लावणार, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "थांब, यात जुने खेळही चालतात. आधी दोघा म्हाताऱ्यांसाठी काहीतरी आहे." पडद्यावर कॉन्ट्रा उमटलं. तेच जंगल, तेच दोन शिपाई. साडेअडतीस हजारांचं यंत्र आणि त्यावर १९८८ चा खेळ! चिरंजिवांनी कपाळाला हात लावला.

पुतण्याने दोन्ही मुठी काढून पुढे धरल्या. मी सवयीने दुसऱ्या नंबरची उचलायला गेलो, तर ती दादाने आधीच घेतली होती.

"तू कर सुरू," तो म्हणाला.

मी सुरू केलं. आमची बोटं जाड झाली आहेत आणि चष्मे वर-खाली होतात, पण पाय कुठे ठेवायचा ते डोक्याला आठवत नसलं तरी अंगठ्याला आठवतं. धबधबा आला. मी वर चढत होतो, दादा खाली अडखळत होता, गुडघ्यासारखाच. "थांब रे," तो म्हणाला. मी थांबलो. थांबलेल्या माणसावर वरून धोंडे पडतात हा त्या खेळाचा नियम आहे. त्यात माझा एक जीव गेला आणि दादाचा शेवटचा.

त्याचा अंगठा बटणावर होता. दाबला नाही.

"लहान्या, तुझ्यातला एक घेऊ का?"

माझ्याकडे दोनच उरले होते. "घे," म्हटलं.

एक त्याला, एक मला. वाटणी बरोबर झाली.